वाढदिवसाच्या पार्टीतले चार घोळके

(रौप्यमहोत्सवी वर्षातील पालक मेळाव्यात सोसायटीच्या हॉलमध्ये झालेल्या भाषणाचे शब्दांकन. वक्त्या आपल्याच सोसायटीतील रहिवासी असून निवृत्त प्राथमिक शिक्षिका आहेत.)



सचिवांनी मला विषय विचारला, तेव्हा मी म्हटलं, "मुलांच्या वाढदिवसाच्या पार्टीवर बोलते." ते जरा गप्पच झाले. त्यांचंही बरोबर आहे. पंचवीस वर्षं पूर्ण झाली म्हणजे संस्कार, सहजीवन, एकोपा अशा मोठ्या विषयांवर बोलायची पद्धत आहे. पण मी आयुष्यभर पहिली ते चौथीच्या वर्गांवर शिकवलं. एकोपा हा शब्द मुलांना फळ्यावर लिहून कळत नाही. तो कळला तर खेळताना कळतो, नाहीतर खेळतानाच मोडतो. आणि याच हॉलमध्ये दर शनिवार-रविवारी फुगे लागतात, त्यामुळे आपली प्रयोगशाळा घरचीच आहे.

आता हॉलमधलं चित्र आठवा. सहाची पार्टी साडेसहाला सुरू होते. स्टेजजवळ शाळेतल्या मैत्रिणींचा घोळका. दाराशी सोसायटीतली मुलं, म्हणजे खालून खेळता खेळता घामेजलेली तशीच वर आलेली. खुर्च्यांवर आत्या-मावश्यांची मुलं, नवे कपडे घालून अवघडून बसलेली. आणि कोपऱ्यात तबल्याच्या किंवा फुटबॉलच्या क्लासमधली दोघं-तिघं. हे चार घोळके हॉलच्या चार दिशांना. आणि मधे आपली उत्सवमूर्ती, जिला चारही बाजूंनी हाका येतायत, "ए, तू आमच्यात ये ना!"

आई लांबून सांगते, "सगळ्यांशी खेळ हं." सांगायला सोपं आहे. आठ वर्षांच्या मुलीने एका वेळी चार ठिकाणी कसं असावं? ती शाळेतल्यांकडे गेली की सोसायटीतली खास मैत्रीण फुगून बसते. तिची समजूत काढायला गेली की मावसबहीण म्हणते, "आम्ही घरी जातो." केक कापला जातो, फोटो निघतात, फोटोत सगळे हसतायत. आणि रात्री गिफ्टांच्या ढिगाऱ्यात बसून ती विचारते, "आई, पुढच्या वर्षी वाढदिवस नाही केला तर चालेल?" हा प्रश्न मी एकाहून जास्त घरांतून ऐकला आहे. म्हणून हा विषय मला लहान वाटत नाही.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. मुलं वाईट वागतात म्हणून घोळके होत नाहीत. आपली सोसायटी उभी राहिली तेव्हा इथली बहुतेक मुलं जवळच्या एक-दोन शाळांत चालत जायची. शाळेतला दोस्त तोच जिन्यातला दोस्त. आज सकाळी सात वाजता गेटवर उभं राहून बघा, वेगवेगळ्या शाळांच्या किती बस येतात. कोणी मराठी माध्यमात, कोणी इंग्रजीत, कोणाचं बोर्ड वेगळं, कोणाची सुट्टी वेगळी. मुलाचं जग आता चार कप्प्यांत आहे: शाळा, सोसायटी, क्लास आणि नातेवाईक. हे चार कप्पे वर्षभरात एकदाच एका छताखाली येतात, ते या दोन तासांत. आणि त्या चारही कप्प्यांना ओळखणारी व्यक्ती हॉलमध्ये एकच असते, तीही सात-आठ वर्षांची. यजमानपणाचं एवढं ओझं आपण मोठ्यांना तरी पेलतं का? लग्नात वधूपक्ष इकडे, वरपक्ष तिकडे. आपल्या वार्षिक सर्वसाधारण सभेतसुद्धा ए विंग कुठे बसते आणि सी विंग कुठे, हे मला डोळे मिटून सांगता येईल! (हशा.) तेव्हा मुलांना नावं ठेवायला नकोत.

मग करायचं काय? इथे मी तुम्हाला एक जुना प्रयोग सांगते. १९५४ सालच्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात मुझफर शेरीफ नावाच्या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी मुलांचं एक शिबिर भरवलं. साधारण अकरा वर्षांचे बावीस मुलगे, एकमेकांना न ओळखणारे. त्यांचे दोन गट केले आणि सुरुवातीला एका गटाला दुसऱ्याचा पत्ताच लागू दिला नाही. गटांनी आपापली नावं ठेवली, एक 'ईगल्स' आणि एक 'रॅटलर्स', म्हणजे गरुड आणि नाग म्हणा. मग त्यांच्यात बेसबॉल, रस्सीखेच अशा स्पर्धा लावल्या, बक्षिसं ठेवली. थोड्याच दिवसांत शिवीगाळ, एकमेकांचे झेंडे जाळणं, एकमेकांच्या खोल्यांवर धाडी, इथपर्यंत मजल गेली. चांगल्या घरची, साधी मुलं होती ही.

पुढचा भाग आपल्या कामाचा आहे. भांडण मिटवायला आधी काय केलं? सगळ्यांना एकत्र जेवायला बसवलं, एकत्र सिनेमा दाखवला. उपयोग झाला नाही. जेवताना त्यांनी अन्नच एकमेकांना फेकून मारलं. मग शिबिराचं पाणी बंद पडलं (अर्थात मुद्दाम पाडलं होतं), आणि नळाची लाईन कुठे तुंबली हे सगळ्यांनी मिळून शोधलं. जेवण आणणारा ट्रक बंद पडला, तो सगळ्यांनी मिळून ओढला. ओढायला दोर कुठला घेतला? रस्सीखेचीचाच! जो दोर दोन बाजूंनी खेचून वैर वाढलं, तोच दोर एका बाजूने खेचल्यावर ते कमी व्हायला लागलं. असं अनेकदा झाल्यावर बहुतेक मुलं परतताना एकाच बसने जाऊया म्हणाली.

मुलांना मुद्दाम भांडायला लावणारा असा प्रयोग आज कोणी करू नये, आणि त्यावर पुढे टीकाही पुष्कळ झाली. पण आपल्याला त्यातून दोन गोष्टी उचलता येतात. एक, नुसतं शेजारी बसवल्याने मुलं मिसळत नाहीत. एकत्र केक खाल्ला, एकत्र जादूचे प्रयोग बघितले, तरी घोळके तसेच राहतात. दोन, आधीच पडलेल्या गटांत स्पर्धा लावली तर भिंत आणखी उंच होते. 'शाळा विरुद्ध सोसायटी' किंवा 'मुलगे विरुद्ध मुली' अशी अंताक्षरी लावणं म्हणजे त्या रस्सीखेचीसारखंच. बाहेरून जो ताई-दादा खेळ घ्यायला बोलावतो, तो माईक हातात आला की हेच करतो, कारण त्यात आरडाओरडा पटकन होतो. पैसे आपण देतो, तेव्हा त्याला आधीच सांगायचं, "बाबा रे, बॉईज-गर्ल्स नको."

मुलांना जोडतं ते एकमेकांची गरज पडणारं काम. १९७१ साली टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात गोऱ्या, काळ्या आणि मेक्सिकन वंशाच्या मुलांना नव्यानेच एका वर्गात आणलं होतं आणि वर्गात तणाव होता. तिथे एलियट अॅरनसन यांनी धड्याचे तुकडे केले आणि गटातल्या प्रत्येक मुलाला एकेक तुकडा दिला. पूर्ण धडा कळायचा तर प्रत्येकाचं ऐकावंच लागणार.

आपल्याकडे धड्याचे तुकडे करायची गरज नाही. आपल्याकडे भेळ आहे! चार टेबलं मांडा. एकावर चुरमुरे-फरसाण, दुसऱ्यावर उकडलेला बटाटा आणि कैरी, तिसऱ्यावर चटण्या, चौथ्यावर शेव-कोथिंबीर. प्रत्येक टेबलावर शाळेतला एक, सोसायटीतला एक, नात्यातला एक. एका टेबलाकडून भेळ होऊच शकत नाही. "ए चटणी, इकडे ये!" अशा हाका सुरू झाल्या की समजा, काम झालं. नाव माहीत नसलं तरी चालतं. 'चटणी' म्हणून झालेली ओळख मी पुढे तीन-तीन वर्षं टिकलेली पाहिली आहे. कांदा मात्र मोठ्यांनी चिरून ठेवायचा.

आता तयारीकडे येते. पार्टीच्या आधी उत्सवमूर्तीला घेऊन बसा आणि यादीतल्या प्रत्येकाबद्दल एकच विचारा, "याला काय आवडतं?" कोणाला मांजरं, कोणाला क्रिकेट, कोणाला डायनोसॉर. मग लक्षात येतं की शाळेतला एक आणि तळमजल्यावरची एक, दोघंही डायनोसॉरवाले आहेत. ओळख करून देताना 'हा माझा शाळेतला मित्र' एवढं म्हणालो तर आपणच त्याच्यावर लेबल लावलं. 'याच्याकडे डायनोसॉरची सत्तर चित्रं आहेत' म्हणालो तर समोरचा आपण होऊन पुढे येतो.

दुसरं म्हणजे पहिली पंधरा मिनिटं. घोळके तयार होतात ते याच वेळात. मुलं एकेक करून येतात, हॉल रिकामा, काय करावं कळत नाही, मग ओळखीचा चेहरा दिसला की त्याला चिकटतात. म्हणून दारातच काम द्या. एका मोठ्या कागदावर चित्र अर्धवट काढून ठेवा, येईल त्याने रंगवायला बसायचं. फुगे फुगवायला द्या, पताका चिकटवायला द्या. सजावट आपण दुपारीच संपवून टाकतो, ती थोडी मुलांसाठी उरू द्या. हाताला काम असलं की तोंडाला बोलायला जमतं.

तिसरं, संघ पाडणं. दोन कॅप्टन उभे करून "तू कोणाला घेतोस?" असं कधीही करू नका. ओळखीची मुलं आधी निवडली जातात आणि शेवटी जी एक मुलगी उरते तिला संध्याकाळभर ते विसरता येत नाही. आपल्या लहानपणीची पद्धत आठवते का? दोघादोघांनी जोडी करायची, बाजूला जाऊन गुपचूप नावं ठेवायची, एक गुलाब, एक मोगरा. मग कॅप्टनसमोर येऊन विचारायचं, "गुलाब हवा की मोगरा?" किती शहाणपणाची पद्धत आहे बघा! जोडी साहजिकच जिवलग मैत्रिणींची होते, आणि त्याच दोघी आपोआप वेगवेगळ्या संघांत जातात. कोणी कोणाला नाकारलेलं नसतं आणि शेवटी कोणी उरत नाही. जास्त संघ हवे असतील तर चिठ्ठ्या टाका, किंवा जन्ममहिन्यावरून पाडा.

चौथं, खेळ कोणते? संगीत खुर्ची मला पार्टीत आवडत नाही. जो आधी बाद होतो, तो बहुतेक बुजरा असतो, आणि बाद झाला की जाऊन आपल्याच घोळक्यात बसतो. त्याऐवजी वर्तमानपत्राचा खेळ घ्या. पाच-पाच जणांच्या गटाला एक पसरलेला पेपर. गाणं थांबलं की सगळ्यांनी पेपरवर उभं राहायचं. दर फेरीला पेपर निम्मा दुमडायचा. शेवटी एकमेकांना धरल्याशिवाय उभंच राहता येत नाही.

आणि आपले जुने खेळ! साखळी घ्या. ज्याच्यावर राज्य तो ज्याला पकडेल त्याचा हात धरायचा, मग दोघांनी तिसऱ्याला पकडायचं. पाच मिनिटांत नाव माहीत नसलेल्यांचे हात एकमेकांच्या हातात. विषामृत घ्या. विष लागून जो पुतळा झाला, त्याला कोणीतरी अमृत दिल्याशिवाय तो सुटत नाही. एका अनोळखी मुलाने धावत येऊन आपल्याला सोडवलं, ही फार मोठी ओळख आहे. डबा ऐसपैसमध्ये राज्य एकावर आणि बाकी सगळे एका बाजूला. पाण्याच्या टाकीमागे श्वास रोखून एकत्र लपलेल्या दोघांना शाळा विचारायला वेळ नसतो. जागा लहान असेल तर मामाचं पत्र हरवलं. गोलात बसल्यावर चार दिशाच उरत नाहीत.

आपल्या सणांत हे शहाणपण जागोजागी आहे. बोरन्हाणात कोणाचं कोण कुठल्या शाळेत आहे हे कोणी विचारतं का? बोरं, चुरमुरे, हलवा डोक्यावरून ओतला की सगळी पोरं जमिनीवर. भोंडल्याची खिरापत ओळखायला सगळ्याजणी मिळून डोकं चालवतात, आणि डबा आणलेली कितीही परकी असली तरी त्या पाच मिनिटांपुरती ती राणी असते.

आणखी एक शब्द आहे आपल्याकडे, लिंबूटिंबू. कोणाचा तरी चार वर्षांचा धाकटा भाऊ येतो. त्याला आउट करायचं नाही, पण खेळात घ्यायचं. त्याला परत पाठवत नाहीत आणि त्याच्यासाठी खेळही थांबवत नाहीत. पण एक काळजी घ्या. दहा वर्षांच्या बुजऱ्या मुलाला कधी लिंबूटिंबू करू नका. त्याला कीव नको असते, काम हवं असतं. त्याला गुण लिहायला बसवा, गाणं थांबवायचं बटण द्या.

आणि जो एकटाच आलाय त्याच्याकडे लक्ष ठेवा. क्लासमधला एकच मित्र बोलावलेला असतो, किंवा शेजारी नव्याने राहायला आलेली मुलगी. जमल्यास तिला अर्धा तास आधी बोलवा. बाकीचे येतील तोवर तिला हॉल ओळखीचा झालेला असतो, पाणी कुठे आहे, बाथरूम कुठे आहे हे ती दुसऱ्यांना सांगते. आलेली पाहुणी यजमान होऊन जाते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला काम सुरू केलं, तेव्हा वंचित वस्त्यांतली मुलं बालवाडीत येईनात. मग बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली आणि त्यातून अंगणवाडी उभी राहिली. कोपऱ्यातल्या मुलाला लांबून "ये ना, ये ना" म्हणून तो येत नाही. खेळच त्याच्या कोपऱ्यापर्यंत न्यावा लागतो.

भाषेबद्दलही सांगते. एका घोळक्यात फाडफाड इंग्रजी चालतं, दुसऱ्यात मराठी, तिसऱ्यात हिंदी. ज्याला जी येत नाही तो गप्प होतो आणि आपण म्हणतो, लाजाळू आहे. सूचना देणाऱ्या मोठ्या माणसाने दोन्ही भाषांत सांगावं, आणि शक्यतो करून दाखवावं. कोणाच्या उच्चाराला कोणी हसलं तर तिथेच, पण न ओरडता थांबवावं. आणि गिफ्ट सर्वांसमोर फोडू नयेत. कोणी किती किमतीचं आणलं यावरून पाचवा घोळका तयार होतो.

एवढं केल्यावर मात्र हात आवरता घ्या. दोन तासांतला पाऊण तास असा बांधलेला पुरे. उरलेला वेळ मुलांचा. जुन्या मैत्रिणी पुन्हा एकत्र जमल्या तर जमू द्या, तो त्यांचा हक्क आहे. "चला, आता याच्याशी मैत्री करा" असं सांगून मैत्री होत नाही. आपण ओळखीचं दार उघडून ठेवायचं, आत जायचं की नाही हे मुलं ठरवतील. आणि उत्सवमूर्तीला सांगा, "सगळ्यांना खूश ठेवणं हे तुझं काम नाही, ते आमचं. तू खेळ." हे वाक्य केकपेक्षा मोठं गिफ्ट आहे.

भाषणानंतर दोन प्रश्न आले, तेही इथे देते.

एका आईने विचारलं, "माझा मुलगा म्हणतो, सोसायटीतल्या कोणालाच बोलवायचं नाही. काय करू?" आधी कारण विचारा. नुसता कंटाळा असेल तर समजूत काढता येईल. पण खाली कोणी त्याला चिडवत असेल, मारत असेल, तर पार्टी बाजूला ठेवा आणि आधी त्याकडे बघा. त्रास देणाऱ्याशी जबरदस्तीने मिसळायला लावणं म्हणजे संस्कार नव्हेत. आणि मोजक्याच मुलांना बोलवायचं असेल तर खरोखर मोजक्यांना बोलवा. मजल्यावरच्या सहा मुलांपैकी पाच बोलवून एक वगळू नका. त्या सहाव्याला लिफ्टमधून फुगे वर जाताना दिसतात.

दुसऱ्यांनी विचारलं, "आम्ही भाडेकरू. अकरा महिन्यांनी घर बदलेल. मुलांनी ओळखी करून काय उपयोग?" प्रश्न ऐकून हॉल शांत झाला होता. माझं उत्तर असं की, करार आपल्या नावाने असतो, मुलांच्या बालपणाचा करार नसतो. अकरा महिने म्हणजे सात वर्षांच्या मुलासाठी फार मोठा काळ आहे. खेळताना कोणी मालक नसतं, कोणी भाडेकरू नसतं. राज्य ज्याच्यावर येईल त्याच्यावर! आणि हेच आपल्या वॉचमनच्या मुलांना लागू आहे. ती रोज खाली लगोरी खेळतात, मग फुगे लागल्यावर दाराबाहेर का राहतात, याचा विचार ज्याने त्याने आपल्या घरी करावा.

शेवटी कमिटीला एक विनंती. आपल्या पाटीवर नावापुढे 'सहकारी गृहनिर्माण संस्था मर्यादित' असं लिहिलेलं आहे. गृहनिर्माण पंचवीस वर्षांपूर्वीच झालं. सहकार मात्र प्रत्येक पिढीला नव्याने शिकवावा लागतो. हॉलच्या कपाटात एक पेटी ठेवूया. लगोरीच्या ठिकऱ्या, चेंडू, दोर, रुमाल, चिठ्ठ्यांचा डबा. जो हॉल बुक करेल त्याला किल्लीबरोबर ती पेटी मिळेल, जादा भाडं न घेता. दोर चांगला जाड घ्या. तो कोणत्या बाजूने ओढायचा ते मुलं बरोबर शोधून काढतील.

वडापाव आले आहेत असं दिसतंय. तेव्हा थांबते.